कुलमुखत्यारपदी माझी निवड

४ जून, सकाळी ७
धाकट्या बहिणीचं पाकीट आलं. आत कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. वडिलांचं घर आम्हा दोघांचं. ती त्याच गल्लीत राहते, मी सहा तासांवर. सोबत चिठ्ठी : दादा, नीट वाच, कळलं नाही तर फोन कर.
कळलं नाही तर! एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली मी. 'कुल' म्हणजे घराणं. 'मुखत्यार' म्हणजे सर्वाधिकारी. थोडक्यात, वडिलांच्या पश्चात घराण्याचा प्रमुख मी. सहा वर्षं उशिरा का होईना, हिला सुचलं.

४ जून, दुपारी
बायको म्हणाली, एखाद्या वकिलाला दाखवा. म्हटलं, मी वकिलाला शब्दाचा अर्थ विचारू? ती भाजी चिरायला गेली. पटलेलं दिसतंय.

७ जून
मसुदा दोनदा वाचला. मध्ये डोळा लागला, म्हणजे दीडदा. 'लिहून देणार' मी, 'लिहून घेणार' धाकटी. योग्यच. लहानपणी तिला डिक्टेशन मीच घालायचो. माझ्या नावापुढे 'सज्ञान' असंही लिहिलंय. बरं वाटलं. बायको म्हणाली, अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही सज्ञान म्हणतात. मत्सर.

९ जून
मुखत्यार म्हणून करायची कामं : गळकं छप्पर. दप्तरी आमची नावं लावणं. पडक्या भिंतीबद्दल शेजाऱ्याशी बोलणं. सहा वर्षं पडून आहेत, पण तेव्हा मला अधिकार कुठे होता? उद्यापासून प्लॅनिंग. उद्या रविवार. सोमवारपासून.

१४ जून
सोमवार होऊन गेला. गुडघा दुखतोय.

१८ जून
नोंदणी कार्यालय. इस्त्रीचा शर्ट. धाकटी सकाळच्या गाडीने आली. कारकुनाने विचारलं, मजकूर समजला ना? म्हटलं, तुम्हाला समजावून सांगू का? धाकटी म्हणाली, दादा, खरंच चालेल ना तुला? डोळे भरले होते तिचे. डोक्यावर हात ठेवून म्हणालो, काळजी सोड, आता सगळं मी बघतो. ती जरा गोंधळली. सही, अंगठा, फोटो. फोटो रुबाबदार आलाय.

२ जुलै
धाकटीला फोनवर पहिला आदेश दिला : छपराला हात लावू नकोस, मी ठरवतो. ती म्हणाली, छप्पर झालं दादा. नावांचा अर्जही दिला. शेजारी अर्धी भिंत बांधून देतोय. म्हटलं, कुणाला विचारून? ती हळूच म्हणाली, तूच लिहून दिलंस ना.

३ जुलै
पुन्हा नोंदणी कार्यालय. कारकून म्हणाला, गुरुजी, हा घराण्याचा कुल नाही. कुल म्हणजे एकूण. एकूण सगळे अधिकार तुम्ही बहिणीला दिलेत. मुखत्यार त्या. रद्द करायचं तर समोरच्या खिडकीत जा.
गेलो. लाइन मोठी होती. परत आलो.

३ जुलै, संध्याकाळी
बायकोला सांगितलं. ती हसली नाही. ते जास्त लागलं. एवढंच विचारलं, रद्द केल्यावर छपरावर तुम्ही चढणार होतात का?

५ जुलै
धाकटीचा फोन. बाबांच्या खोलीला रंग कोणता द्यायचा ते तूच ठरव, म्हणाली. बाकी मी बघते, पण त्या खोलीचं तुझ्याशिवाय नको. म्हटलं, दोन दिवसांत कळवतो. शेडकार्ड मागवलं.

९ जुलै
मोतिया की फिकट निळा? घाई नको.

२६ जुलै
धाकटीने वाट बघून पांढरा दिला.