सासूबाईंनी खाल्लेले मासे

४ मे

आणली एकदाची टाकी! टेकडीवरचं लॉज बंद पडलं, तिथल्या पडद्यांच्या शिलाईच्या बदल्यात मालकाने काचेची टाकी आणि हवेचा पंप दिला. चौघांनी उचलून आणली. धक्क्यावरचे लोक पोट धरून हसले — समोर एवढं तळं पसरलंय आणि न्काटा बेचा शिंपी मासे घरात ठेवणार! हसू देत.

टाकी आत घेताना सासूबाई दाराशी भिंतीला लागून उभ्या होत्या. मी लगेच मान खाली घातली. फेब्रुवारीपासून त्या आमच्याकडे आहेत, लुसुंगूच्या पहिल्या बाळंतपणासाठी. त्यांचे पाय आणि कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेची किनार, एवढीच माझी त्यांची ओळख. मूल होईपर्यंत जावयाने सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, त्या बसल्या असतील त्या खोलीत शिरायचं नाही. मूल झालं की कोंबडं द्यायचं, मग बंदी उठते. तोवर जे काही बोलायचं ते लुसुंगूमार्फत.

६ मे

मावुतोच्या हौदावर गेलो. तो बुडी मारून मासे धरतो, परदेशी जातात ते. मी विचारलं, ह्याला काय म्हणतात? "म्बुना." आणि हा पट्ट्यांचा? "म्बुना." आणि तो पिवळा? "तोही म्बुना. मला काय मास्तर समजलास?"

खरंच आहे. जे मासे आपण खातो त्यांना नावं — उसिपा, उटाका, चांबो, काम्पांगो. जन्मल्यापासून चव घेऊन पाठ. जो खात नाही तो सगळा म्बुना! मग मी कापड निवडतो तसे निवडले. डोळे दिपवील तो रंग घेतला. मळकट तपकिरी होते, ते बाजूला सारले.

९ मे

दोन निळे एकमेकांना फाडतायत. सकाळी एक मेलेला, शेपटी कुरतडलेली. मीच आणला, मीच मारला. दुकानात बाही उलटी जोडली.

मावुतो म्हणे, "लेका, सगळे नवरदेव गोळा केलेस, नवरी एकही नाही! रक्त सांडणारच. तू टाकलेस ना ते तपकिरी, त्याच बायका." तपकिरी आणले. छोटी पिल्लंही आणली, बोटभर.

१५ मे

राहवलं नाही, आणखी एक आणला. हात आखडता येत नाही मला. दुधी अंगावर तपकिरी ठिपके, छापील कापडासारखा, तळहाताएवढा. मावुतो घरी नव्हता, त्याच्या बायकोने काढून दिला. नाव विचारलं नाही. म्बुनाच असणार!

१७ मे

ठिपक्या आजारी! वाळूवर आडवा पडलाय, एका कुशीवर. रंगही उतरलाय. कल्ले हलतात तेवढेच. मिठाचं पाणी केलं, पंप त्याच्याजवळ सरकवला. जवळच बसून राहिलो. छोटी पिल्लं त्याच्याभोवती येतात. बिचारी भेटायला येतात.

लुसुंगू ओरडली, "दुकानात गिऱ्हाईक ताटकळलंय आणि तुम्ही माशाचे पाय चेपताय!"

तिला सातवा सरून गेला. पाय सुजलेत तिचे. ते चेपले नाहीत मी कधी.

२० मे

एक पिवळं पिल्लू नाही. झाकण बंद. जमीन धुंडाळली, खाटेखाली पाहिलं. नाहीच.

माझ्या ताईचा निरोप — "बाळाला न्हाऊ घालायला मी येते, तुझी सासू म्हातारी झाली." लुसुंगूचा चेहरा पडला. म्हणाली, "ताईंना नको म्हणा. आईचा जीव त्यात अडकलाय. पहिल्या नातवंडाला तिचाच हात लागायला हवा." बरं म्हटलं.

२३ मे

आणखी दोन गेली. आणि आज काय पाहिलं! संध्याकाळी वीज गेलेली, मी दुकानातून आलो, तर अंधारात सासूबाई टाकीपाशी. दिवा नाही, काही नाही! दोन्ही हात काचेवर, हळूहळू वर सरकत झाकणाकडे. मी खोकलो. त्या भिंत धरून आत गेल्या.

चोर दिवा लावतो कधी?

२५ मे

दाराबाहेरून ऐकलं. सासूबाई विचारत होत्या, "पिवळा कुठाय ग आज?"

"दिसत नाही, आई."

"आणि निळा?"

"दगडामागे."

"मोठा झालाय का? अंगाने भरलाय?"

माझ्या डोळ्यांसमोर पातेलं आलं! उसिस्याची माणसं ही — त्यांना मासा दिसला की सोबत कसाव्याच्या पिठाचं कोंडोवोले आठवतंच.

२६ मे

मी शिवलेला ब्लाऊज त्यांनी आज उलटा घातला होता. पाठमोऱ्या जाताना पाहिलं, सगळ्या शिवणी बाहेर! गावात शिंप्याची सासू अशी फिरली! हा टोमणाच की. मी काही बोललो नाही. पण मनात ठेवलं.

२८ मे

बोललो.

आज निळं पिल्लूही नव्हतं. डोकं फिरलं. लुसुंगूला म्हटलं, "तुझ्या आईला विचार, मासे भाजून खाल्ले की उकडून?" दार उघडं होतं. मुद्दाम मोठ्याने बोललो, हे इथे लिहितोय कारण इतरांना सांगणार नाही.

लुसुंगू आत गेली. बराच वेळ कुजबुज. मग बाहेर आली, डोळे लाल. "आई म्हणते, हो. खाल्ले. भाजून."

मला बरं वाटलं! खरंच, जिंकल्यासारखं वाटलं. रात्रीचं जेवण सासूबाईंनी परत पाठवलं. म्हणे भिंतीकडे तोंड करून एका कुशीवर पडून आहेत. सोंग! मी ठिपक्याला मिठाचं पाणी बदललं.

३० मे

सासूबाई गेल्या. सकाळच्या बोटीने, उसिस्याला. नका जाऊ असं मी कळवलं नाही, जा असंही कळवलं नाही. एवढ्या मोठ्या पोटाची लुसुंगू त्यांचा हात धरून धक्क्यापर्यंत उतरली, एकेक पायरी. मला वाटलं, लोकांना दाखवायला चाललंय.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलत नाही.

४ जून

देवा.

दुपारी घरी होतो. ठिपक्या नेहमीसारखा आडवा. बोटभर तपकिरी पिल्लू त्याच्याजवळ आलं, पोटाला टोचू लागलं. आणि मेलेला मासा उठला! झटक्यात. पिल्लू गडप. मग पुन्हा वाळूवर आडवा, तसाच रंग उतरवून, बिचारा.

मी तिथेच खाली बसलो. ज्याची सेवा केली तो खाटीक निघाला, आणि जिला चोर म्हटलं ती माझ्या बायकोच्या बाळंतपणासाठी आलेली बाई. तीही कुशीवर पडली होती. तिला मी सोंगाडी म्हटलं! माशाचं सोंग मला खरं वाटलं आणि माणसाचं दुखणं खोटं. तोंड कुठे लपवू?

५ जून

मावुतोला वर्णन सांगितलं. तो उडालाच! "अरे, तो कालिगोनो! झोपाळ्या! मेल्याचं सोंग घेऊन पिल्लं खातो. सगळ्या कोळ्यांना ठाऊक आहे." मी म्हटलं, तुझ्या बायकोने सांगितलं नाही. "तू विचारलंस? तू रंग बघत होतास."

कालिगोनोला बादलीतून खडकाशी नेऊन सोडला. गेला. त्याच्यावर राग धरता येत नाही, तो त्याचं काम करत होता.

लुसुंगूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं आईने खाल्ले नाहीत."

"मग हो का म्हणालीस?"

"ती म्हणाली, तसंच सांग. शपथ घातली तिने."

"कसली शपथ?"

ती पीठ चाळायला निघून गेली. मीही पुढे विचारलं नाही, मला तरी तोंड कुठे होतं.

८ जून

माफी मागायची, पण कशी? मी सासूशी बोलू शकत नाही, पत्र पाठवणंही तसंच. आमचं लग्न ज्यांनी जुळवलं त्या म्होने काकांनाच मध्ये घालावं लागतं. गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली.

"जावयाने सासूला मासेचोर म्हटलं! लेका, मी पन्नास लग्नं जुळवली. जावई दारू प्यायले, गाई विकून खाल्ल्या, पण हे नवीन! आणि कशापायी? ज्यात मीठसुद्धा पडत नाही अशा माशापायी!"

"काका, चुकलं."

"ते कोंबडीला सांग, ती बरोबर येतेय. पांढरी दे. आणि माजलेली दे, हडकुळी दिलीस तर मी वाटेतच परत फिरेन."

माझी सगळ्यात चांगली पांढरी दिली. काका उद्याच्या बोटीने जातील.

१३ जून

म्वेरा सुटलाय. दक्षिणेचा वारा, लाटा धक्क्यावरून पलीकडे. बोटी बंद. काका तिकडेच अडकले. लुसुंगूच्या पोटात मधूनमधून कळ येते, ती सांगत नाही, मी बघतो.

१७ जून

वारा तसाच. ताईचा पुन्हा निरोप, येऊ का? लुसुंगू रडायला लागली. "दुसरं कुणी नको. आई येईल. तिला एवढंच हवंय हो, दुसरं काही नाही." आई आली नाही तर ते माझ्यामुळे. वारा माझ्यामुळे नाही, पण बाकी सगळं माझ्यामुळे. टाकीत चार मासे उरलेत. त्यांना दाणे टाकतानाही लाज वाटते.

आज लुसुंगूचे पाय चेपले. तिने पाय मागे घेतले नाहीत.

२३ जून

वारा पडला! बोट आली. मी धक्क्यावर गेलो नाही, जाता येत नाही, दुकानाच्या फटीतून पाहिलं. काकांनी सासूबाईंना हाताला धरून उतरवलं. म्हटलं, काका केवढा मान देतायत. नेहमीची किनार, पण पाय किती वाळलेत! तिकडे तीन आठवडे तापाने पडून होत्या म्हणे. म्हणजे तेव्हाही सोंग नव्हतं.

काकांनी त्यांचा निरोप दिला. "मासे गेले, कोंबडी आली, तिची अंडीही झाली. आता विषय संपला." मी विचारलं, रागावल्या होत्या? काका माझ्याकडे विचित्र बघत राहिले. "रागावली? ती घाबरली होती रे. परत बोलावतील की नाही म्हणून." आणि पाइप पेटवून निघून गेले.

१ जुलै

मुलगी! पहाटे. दोघी ठीक. सासूबाई आत होत्या, मी बाहेर. रडण्याचा आवाज ऐकला, मग सासूबाईंचा — गात होत्या. इतक्या महिन्यांत त्यांचा गाणारा आवाज पहिल्यांदा ऐकला.

पहिली अंघोळ त्यांनीच घातली. दाराआडून लुसुंगूचं चाललेलं — "थोडं डावीकडे, आई. हां. आता मान." मला हसू आलं, आईला लेक शिकवतेय!

९ जुलै

नाळ गळली. कोंबडं दिलं, बंदी उठली. अंगणात मान घालून उभा राहिलो. सासूबाई बाळ घेऊन आल्या, पायाने उंबरा चाचपून मग ओलांडला. "जावईबापू, आता वर बघा." वर पाहिलं. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे. बाळ त्यांनी माझ्या जरा बाजूला, मोकळ्या हवेत पुढे धरलं होतं. मी खोकलो, तेव्हा त्यांनी ते माझ्याकडे वळवलं.

"लुसुंगूला काही बोलू नका," म्हणाल्या. "मीच शपथ घातली होती. चोरट्या आजीच्या हातात बाळ देतात हो, आंधळीच्या हातात कोण देईल?" मग म्हणाल्या, "माशांचे रंग ती सांगायची मला. पोरीचा तुम्ही सांगा."

मी बाळ घेतलं, नीट पाहिलं, रंग सांगितला. आणि बाळ परत त्यांच्याच हातात दिलं.