ओल्या गोणपाटाखाली

८ मार्च १९५९, सालेकसा

पॅसेंजर उशिरा आली, तरी मी खुशीत उतरलो. गोंदियाच्या शाळेत पोरांना मडकी आणि वांगी काढायला शिकवून जीव विटला होता. आजपासून मी संग्रहालयाचा व्यवस्थापक. शिपाई मीच आणि झाडूवालाही मीच, हे मात्र थोरल्या दादांना कळवायचं नाही.

कै. दुधराम मूर्तिकारांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर आणि मागचा मूर्तींचा कारखाना संग्रहालय समितीने घेतला आहे. अक्षय्यतृतीयेला उद्‌घाटन. पुढच्या दोन खोल्या आम्हा नवरा-बायकोला राहायला. लग्न झाल्यापासून दादांच्या घरी साडीचा पडदा लावून संसार केला. शामकलेला स्वतःची चूल हवी, एवढंच तिचं मागणं होतं. ती पुढच्या रविवारी येते आहे. मला तर आजच चूल लिंपून ठेवावीशी वाटली.

शेजारी बकाराम म्हणून धानाची शेती करणारा गृहस्थ आहे, तो कावडीने पाणी भरतो. दुधरामांची विधवा रुख्माबाई मागच्या पडवीत राहते. साठीच्या पुढची असावी, पण कातडी कशी तुकतुकीत, हातावर एक सुरकुती नाही. तिने मला जेवू घातलं. झुणका फर्मास.

१० मार्च

कारखाना पाहिला. शारदा, गणपती, पोळ्याचे बैल, आणि भिंतीकडेने इकडच्या जमीनदारांचे, मालगुजारांचे अर्धपुतळे. सगळे ते ते वारल्यावर केलेले. जिवंत माणसाची माती घडवायची नाही, असा इकडचा रिवाज. देवाची मूर्तीसुद्धा सण सरला की नदीत जाते, वर्षभर ठेवत नाहीत. दुधराम या नियमाने वागत असावेत.

कोपऱ्यात मात्र ओल्या गोणपाटाखाली एक उभी मूर्ती आहे. कच्ची माती, आत सळया आणि बांबू. पूर्ण उंचीची बाई. रुख्माबाई रोज दुपारी तिला पाणी घालते. गोणपाट उचलून पाहिलं तर तोंड सरळ रुख्माबाईचं, पण तरुणपणीचं. मी हसून विचारलं, तर ती म्हणाली, धन्यानं एकडाव रिवाज मोडला बापा, मग त्यालेच भेव लागलं, हात आखडला. त्यानंतर ते मेले. मूर्ती अर्धवट राहिली, आणि वाळू द्यायची नाही म्हणून ही पाणी घालत राहिली.

प्रेम म्हणावं की खूळ! माहेर चिचगडला, इथून फार तर दिवसाची वाट, पण नवरा गेल्यापासून ही बाई एक रात्र बाहेर राहिलेली नाही. मला वाईट वाटलं.

१५ मार्च

शामकला आली. आल्या आल्या चूल दोनदा फिरवून मांडली. कारखान्यात पाऊल टाकायला मात्र तयार नाही, म्हणे मालगुजार बघतात. मी म्हटलं, कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच. रागावली, मग हसली. संध्याकाळी तिने दारात रांगोळी काढली आणि मी नुसता बघत बसलो.

२६ मार्च

होळी झाली. आज एक चांगलं काम केलं, म्हणून लिहून ठेवतो.

रुख्माबाईला म्हटलं, चिचगडचा भाऊ बोलावतो आहे तर जा की महिनाभर. मूर्तीचं पाणी शामकला बघेल. म्हातारी पडवीत जाऊन आली. मग शामकलेला हाक मारली आणि मूर्तीला पाणी घालायचा पितळेचा लोटा तिच्या पदरात घातला. विधवा बाई सवाष्णीची ओटी भरत नाही, पण आम्ही दोघं जुन्या मताचे नाही. शामकलेच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूचं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

वरून ओतून भागत नाही, हात फिरवावा लागते, असं म्हातारीने तिला करून दाखवलं. मग गाठोडं घेऊन देवरीच्या गाडीला निघाली. मागे वळून पाहिलं नाही.

७ एप्रिल

ऊन कडक. मोहफुलांचा वास सगळीकडे. पाट्या लिहून झाल्या.

शामकला या उन्हातही टवटवीत दिसते आहे. गोंदियाला हाताला चुलीचे चटके होते, ते कुठे गेले कळत नाही. मी चिडवलं, सालेकशाचं पाणी मानवलं तुला. ती आता न चुकता दुपारी मूर्तीकडे जाते, भीती पार गेली.

बकाराम देवरीला गेला होता. सांगत होता, रुख्मी भेटली स्टँडवर, ओळखूच नाही आली, एकदम म्हातारी होऊन राहिली. कातडं लोंबलं, पाठ वाकली. पण हासत होती, मास्तर. मला ते बरं वाटलं नाही, का ते सांगता येत नाही.

१२ एप्रिल

आज पाटीसाठी माप घ्यायला मूर्तीचं गोणपाट काढलं. तोंड रुख्माबाईचं नाही. हनुवटी निमुळती झाली आहे. डाव्या भुवईत तुटक जागा आहे. शामकलेला लहानपणी तिथे विळा लागला होता.

तिला विचारलं. ती म्हणाली, मी फक्त हात फिरवते, मला का मूर्ती करता येते? खरंच आहे. तिला पोळीसुद्धा गोल येत नाही. मी गोणपाट परत टाकलं आणि तिला काही बोललो नाही. रोज ओला हात फिरला की मऊ माती हलते, हे मी स्वतः पोरांना शिकवलं आहे. तसंच असेल.

१९ एप्रिल

दादांच्या मुलीचं लग्न, दोघं गोंदियाला निघालो. शामकला कुरकुरत होती, पाणी कोण घालेल? बकारामला सांगितलं. तो हो म्हणाला, पण मान खाली घालून. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न. मीच तिला ओढून नेतो आहे.

२२ एप्रिल

लग्नात ती नीट जेवली नाही. नुसती तहान तहान. येताना गाडीत सुरई संपवली, तरी ओठ फुटलेले. मान वळेना. वाटलं, ऊन लागलं.

घरी येऊन थेट कारखान्यात गेलो. गोणपाट कोरडं ठाक. बकाराम हात जोडून म्हणाला, भेव लागते मास्तर, मी आत गेलोच नाही. काऊन खोटं बोलू?

मूर्तीला तडा गेला आहे. कानाखालून गळ्यापर्यंत. सळईभोवती माती आकसली की जातो तसाच.

परत आलो तर शामकला आरशासमोर उभी होती, पदर बाजूला. कानाखालून गळ्यापर्यंत एक बारीक रेघ. रक्त नाही. दुखतही नाही म्हणाली.

२३ एप्रिल

डॉक्टरने मलम दिलं. ऊन लागलं म्हणाला. त्याला मी मूर्ती दाखवली नाही, हसला असता. मीही हसलो असतो.

गोणपाट ओलं करून गुंडाळलं आहे. तड्यात पातळ चिखल भरला, लाकडी पट्टीने, हात न लावता. मला ठाऊक आहे की तो टिकत नाही. कोरड्या मातीवर ओली माती धरत नाही, आकसून निघून येते. तरी भरला.

२४ एप्रिल

चिखल निघून आला. तिच्या गळ्यावरची मलमाची खपली पण.

डोकं शांत ठेवून विचार केला. साचा काढावा तर कच्ची मूर्ती फोडून बाहेर काढावी लागते. भाजावी तर आत सळया आहेत, भट्टीत फुटेल. वाळू द्यावी तर तडे वाढतील. भिजवावी, तर एकदा वाळलेली कच्ची माती पाणी पिते आणि विरघळून खाली बसते. बादलीत ढेकूळ टाकून हे मी वर्गात दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची.

चारही वाटा बंद. पाचवी सुचत नाही.

बकारामला चिचगडला पाठवलं. म्हातारीला घेऊनच ये म्हटलं.

२६ एप्रिल

पाण्याने मूर्तीची बोटं सुटू लागली. पायाची. सकाळी शामकलेला चालता येईना. बोटं मऊ पडली आहेत, हाडच नसल्यासारखी. लगेच पाणी थांबवलं. दुपारपर्यंत खांद्याला दुसरा तडा.

ती रडत नाही. डोळ्यांत पाणीच येत नाही तिच्या.

२७ एप्रिल

बकाराम एकटाच आला. रुख्माबाई येत नाही म्हणाली. त्याने तिचे शब्द सांगितले: ज्याच्या हाताचं पानी, त्याची माती. मी लय वरसं घातलं. आता माह्या मांगं कायले लागता?

तिला माहीत होतं. लोटा पदरात घालताना तिला सगळं माहीत होतं. मी तिला शिव्या दिल्या, मोठमोठ्याने, शामकलेसमोर. शामकला म्हणाली, तुम्हीच पाठवलं ना हो तिला. हळू म्हणाली. आवाज फाटला आहे.

२८ एप्रिल

लाज वाटते पण लिहितो.

बकारामची सून प्रेमिला ताक घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, जरा कारखान्यातल्या बाईला पाणी घालशील का, नीट हात फिरवून. आली बिचारी माझ्या मागोमाग. लोटा तिच्या हातात दिला. तिच्या कडेवर पोर होतं, ते मूर्तीकडे हात करून हसत होतं.

लोटा हिसकावून घेतला. प्रेमिला घाबरून पळाली. रुख्माबाई आणि माझ्यात एवढाच फरक उरला आहे.

मग मीच पाणी घातलं. माझ्या हाताने. गळ्यावरून, तोंडावरून, हात फिरवून.

२९ एप्रिल

पुन्हा दिवसभर हात फिरवला. माती जिथे ओली होती तिथे हलली. हनुवटी रुंद झाली. नाक माझं, दादा म्हणतात तसं पोपटाच्या चोचीचं.

संध्याकाळी शामकला उठून बसली. तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, भात टाकू का? गळ्याची रेघ गेली. देवा. मी चुलीजवळ बसून रडलो, आणि ते माझं शेवटचं रडणं असावं, कारण डोळे चरचरत आहेत.

१ मे

तहान. मान वळत नाही. तडे मातीत आहेत तसेच आहेत, फक्त आता माझे आहेत.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग आळीपाळीने घालू, एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. भाजी आणायची पाळी ठरवावी तसं बोलत होती. मी ओरडलो. ओरडताना गळ्यात काहीतरी सरकलं.

३ मे

आवाज गेला. विहिरीत नुसता गाळ उरला. उद्‌घाटनाच्या पताका आल्या आहेत, ओसरीवर पडून आहेत.

ती माझ्या नकळत मागे गेली होती. हात ओले. विचारलं तर नाही म्हणाली. पण मूर्तीची भुवई — तुटक जागा परत — मी ती जागा अंगठ्याने पुसून टाकली.

५ मे

कारखान्यात आलो. आतून कडी लावली. ती बाहेर. वाळलं तर वाळू दे. फुटलो की तिच्या हाताला धरायला काही उरणार नाही. पाण्याने सावकाश, किंवा उन्हाने. उन्हाने बरं. कौलं काढली आहेत वरची, ऊन सरळ मूर्तीवर येतं.

उजवा हात अजून चालतो. डावा नाही.

दुपार

ती दार ठोकते आहे. अहो, अहो म्हणते. बकारामला हाक मारते. पहार मागते आहे त्याच्याकडे. मी बोलू शकत नाही. वही दाराखालून जात नाही, फट लहान. पान फाडून सरकवलं — परत जा लिहून. तिने उत्तर दिलं, तुमचं अक्षर लागत नाही, थांबा, मी आलेच.

बकारामच्या पहारीने कडी वाकली. कमरेपाशी मोठा तडा — खांदा —

फटीतून दिसते. काखेत घागर. भरलेली. नदीपर्यंत गेली असेल उन्हाची. पदर खोचला आहे.

दार उघडलं. हसते माझ्याकडे बघून. माझ्याकडे येत नाही, मूर्तीकडे — हात बुडवला घागरीत — दोन्ही हात —

शामे, मला सोड, मी तुझ्या पाया