सगळे बाहेर?

१७ मार्च, सोमवार
आज नोकरीचा पहिला दिवस. किन्हीराजाहून सकाळच्या एसटीने मेडशीला आले. आईने हातावर दही-साखर ठेवली. बाबा स्टॉपपर्यंत आले आणि कंडक्टरलाही सांगून मोकळे झाले की आमची वैभवी ऑफिसात लागली. घरातली मी पहिली पदवीधर. पण बाबांना माझ्या बी.कॉम.पेक्षा गळ्यातल्या ओळखपत्राचंच कौतुक जास्त.

गोदाम गावाबाहेर आहे. पत्र्याचं, लांबलचक, सोयाबीन आणि तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या पार छतापर्यंत. लागून ऑफिसची खोली: कूलर, कॉम्प्युटर, एक मोठं टेबल. व्यवस्थापक निताताई, गोदाम सांभाळणारे लखीरामकाका आणि हमाल, एवढीच माणसं. शेतकऱ्याच्या मालाची नोंद चोख ठेवायची, हे काम मला मनापासून आवडलं.

निताताई तर फारच आवडल्या. मुलगी गोदामात काय करणार, असं वरचे साहेब म्हणत होते. ताईंनीच मला घ्यायला लावलं. दुपारी त्यांनी डब्यातलं पिठलं माझ्या पोळीवर वाढलं आणि म्हणाल्या, "आता तू माही लहान बहीण."

१९ मार्च
ऑफिसचं सगळं बोलणं एका चॅट अॅपवर चालतं. माझ्या फोनवर त्या अॅपच्या कोपऱ्यात लाल गोलात एक आकडा आहे: १. न वाचलेला मेसेज असेल म्हणून उघडलं, तर काहीच नाही. बंद केलं, की एक पुन्हा तिथेच.

ताईंच्या फोनवरही तसाच एक आहे. लखीरामकाकांच्याही. त्यांनी तर तिथे काळी चिकटपट्टी लावली आहे. मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. ताई म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, तूच घालवशील तो.

२४ मार्च
सगळे उपाय झाले. सगळं 'वाचलेलं' केलं, फोन बंद-चालू केला, अॅप काढून पुन्हा टाकलं. अॅप आलं तेच लाल एक घेऊन. ताईंनी सुचवलं की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझं खातं उघडून बघ. उघडलं, तिथेही एक. राहू दे उघडंच, उद्या बघू, असं ताई म्हणाल्या.

आज धुरीची पद्धत समजली. मालाला कीड लागली की थप्प्यांवर ताडपत्र्या टाकून खाली विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवतात आणि आठवडाभर शटर बंद. तो वायू पेट घेतो, म्हणून आत जाताना फोन टेबलावर काढून ठेवायचे. शटर पाडण्याआधी ग्रुपवर विचारतात, 'सगळे बाहेर?' प्रत्येकाने 'बाहेर' लिहायचं. पण सगळ्यांचे फोन टेबलावर, हात धुळीने भरलेले. म्हणून टेबलाशी जो असतो, तोच सगळ्यांच्या फोनवरून 'बाहेर' लिहून टाकतो. हे बरोबर आहे का, असं मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असंच चालत आलंय.

२८ मार्च
सापडलं. फक्त न वाचलेलं दाखव, असं केलं तेव्हा एकच नाव उरलं: पौर्णिमा. आत कोरं. ताईंना विचारलं. माझ्या आधी या जागेवर होती, लग्न होऊन पुसदला गेली म्हणाल्या.

घरी यायला बसमध्ये बसले आणि पुन्हा उघडलं. नावाखाली 'लिहीत आहे' असं आलं. मग मेसेज: मी आत.

शेजारच्या बाईंना दाखवायला फोन वळवला, तर पान कोरं.

१ एप्रिल
ग्रुप मागे मागे नेला. दिवाळीनंतरच्या धुरीचा दिवस सापडला. सगळ्यांचे 'बाहेर' एकापाठोपाठ, एकाच हाताने टाकल्यासारखे. पौर्णिमाचाही. त्यानंतर तिचा एकही मेसेज नाही.

लखीरामकाकांना विचारलं. त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग म्हणाले, "तिचा फोन टेबलावर होता, पोरी. ते आत होती."

आठवडाभर सगळे तिला बाहेर शोधत होते; शटर उघडलं तेव्हा कळलं. घरच्यांना सांगितलं की हृदय बंद पडलं. काका म्हणाले, हे काम सोड. तिले आतमंदी सोबत पायजे, तवाच फोनवरचा तो एक जाईन. सगळ्यांलेच असं वाटते, निताले बी.

मला भुताचा राग नाही आला. तिच्या घरी खोटं सांगितलं, याचा आला.

३ एप्रिल
ताईंना सगळं सांगितलं. टेबलाशी कोण होतं, तेही विचारलं. त्या रडल्या. म्हणाल्या, मीच होते. माझा हात घट्ट धरला. शनिवारची धुरी झाली की दोघी पोलीस ठाण्यात जाऊ, असं ठरलं. पौर्णिमाची पिशवी अजून शेवटच्या थप्पीमागे पडली आहे, कोणी हात लावत नाही, असं ताईंनी सांगितलं. पुरावा म्हणून ती काढायला हवी.

किती कठीण गेलं असेल त्यांना. मला त्यांचा अभिमान वाटला.

लखीरामकाका रामनवमीच्या यात्रेसाठी पोहरादेवीला निघाले, फोन ऑफिसातच ठेवून. जाताना पुन्हा म्हणाले, हे काम सोड.

५ एप्रिल, शनिवार
गोळ्या ठेवून झाल्या. ताईंनी हमालांना जेवायला पाठवलं. वायू सुटायला वेळ लागतो, मी शटरपाशी उभी आहे, पिशवी घेऊन पटकन ये, म्हणाल्या. मी फोन टेबलावर नाही ठेवला. झोळीत लपवला. माझ्या नावाने कोणी काही लिहू नये म्हणून.

थप्पीमागे पिशवी नाही. काहीच नाही —

शटर पडलं. मी हाक मारली. ताईंनी ऐकली. पावलं थांबली होती. मग गेली.

वही झोळीतच होती, फोनच्या उजेडात लिहिते आहे. फोन लागत नाही. मेसेज येतात, जात नाहीत. ग्रुपवर —

सगळे बाहेर?
लखीराम: बाहेर.
निता: बाहेर.
वैभवी: बाहेर.

मी नाही लिहिलं. फोन माझ्या हातात आहे. मी नाही —

कॉम्प्युटर. त्यावर माझं खातं मीच उघडं ठेवलं. ताई म्हणाल्या, राहू दे —

लहान बहीण म्हणाल्या होत्या.

लसणासारखा वास. वायू सुटला. ओढणी तोंडाला बांधली. शटर बडवून हात सोलले. कोणी नाही.

पौर्णिमाचं पान आपोआप उघडलं. लिहीत आहे. लिहीत आहे. माझ्या मागे ताडपत्री हलते —

मीही लिहिलं, मी आत. गेलं नाही. पुन्हा लिहिलं. अचानक गेलं.

लाल एक नाही आता. ताईंना वाटलं होतं जाईल. गेला.

दोन झालेत. ताई, तुमच्याही फोनवर दोन — उघडून बघा, ताई, आता आत आम्ही —