युनिफाइंग की युनिफाइड

३ जून
जयेंद्रगंजच्या स्पोकन इंग्लिश क्लासात नवी बॅच. अकरा डोकी, मेंदू एकालाही नाही. मालक विक्रमसिंह (ह्यांचं इंग्रजी 'हॅलो'पाशी संपतं) म्हणाले, "श्रीपाद सर, ज़रा प्यार से." संकल्प: ह्या बॅचला ऑक्सफर्डपर्यंत नेणार. निदान भोपाळपर्यंत.

५ जून
गरिमा नावाची एक अतिशहाणी. शाळेतल्या नोकरीसाठी इंटरव्ह्यू आहे म्हणे. वहीत वाक्य: 'लँग्वेज इज अ युनिफाइंग फोर्स.' मी लाल पेनने 'युनिफाइड' केलं. दोन्हींत फरक आहे ना सर, म्हणाली. फरक असता तर बावीस वर्षांत मला भेटला नसता?

संध्या. ७
घरी सीमंतिनीला सांगितलं. बायको मराठी मीडियमची. कणीक मळता मळता म्हणते, युनिफाइंग म्हणजे जोडणारं, युनिफाइड म्हणजे जोडलेलं, इतकंच ना? हसलो. इंग्रजी इतकं सोपं असतं तर आम्हाला कोण विचारणार? डिक्शनरी काढली नाही. डिक्शनरी शंकेखोर लोक काढतात.

८ जून
बोर्डावर उदाहरण दिलं: 'ग्लू इज युनिफाइड.' गरिमाने विचारलं, म्हणजे सर, डिंक स्वतःच चिकटलेला? वर्ग हसला. ग्रामर झेपलं नाही की माणसं हसतात.

१२ जून
विक्रमसिंह मागच्या बाकावर येऊन बसले. गरिमाने उभं राहून सांगितलं, "जो जोड़े वो युनिफाइंग, जो जुड़ गया वो युनिफाइड." सगळ्यांनी लिहून घेतलं. विक्रमसिंहांनीही. मी नेमका खिडकी लावायला उठलो होतो, नाहीतर खोडून काढलं असतं.

१९ जून
गरिमाला नोकरी लागली. इंटरव्ह्यूत तेच वाक्य म्हणाली, मी केलेली दुरुस्ती न घेता. हल्ली निवडणाऱ्यांचा दर्जाच घसरलाय. पेढे आणले होते. घेतला नाही. मग दोन घेतले.

२२ जून
शाळा सुटल्यावर संध्याकाळची बॅच गरिमा घेणार. मला विक्रमसिंहांनी बाहेरच्या टेबलावर, फोनपाशी बसवलंय. थोडक्यात, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. शिकवणं काय, कोणीही करतं.

२४ जून
नव्या पदावरचा पहिला फोन. एक बाई. गरिमा मॅडमच्या बॅचमध्ये जागा आहे का? आवाज ओळखीचा वाटला. सीमंतिनी. घरी का नाही विचारलंस, म्हटलं. म्हणाली, घरी तुम्ही नाही म्हणाला असता, ऑफिसात म्हणता येत नाही.
नाव लिहून घेतलं. स्पेलिंग तिनेच सांगितलं.