मधला माइक

कार्बनडेल, इलिनॉय

व्हर्न,

तुझ्या लेकीने, ओपलने, आज आपल्या कंट्री संगीताच्या बँडमध्ये तुझी जागा मागितली, म्हणून तू वारल्यावर का होईना, हे लिहिणे भाग आहे.

"आत्या, ड्रमवाले तू मोज्यांसारखे बदललेस. मी महिनाभर तरी टिकेन ना?" असे म्हणून ती हसली. मग तिने विचारले, "बाबांना सगळ्यांनी मत देऊन काढलं होतं ना?"

मत कोणी दिलेच नव्हते. तुझ्या दारूचे निमित्त करून मी एकटीने तुला काढले, कारण लोक माझी सोडून तुझी गाणी मागत. तिला हे सगळे सांगितले.

त्यानंतर दिले: तुझी स्टील गिटार, तुझ्या अकरा गाण्यांची वही आणि वीस वर्षे मी न सोडलेला, मुख्य गायकाचा मधला माइक. पोचपावतीवर तिने सही केली, माझ्याकडे न पाहता.

तुझी बहीण,
अर्डिस