बाबांचं गाऱ्हाणं

शुक्रवार, २९ नोव्हेंबर १९८५, मुलुंड

सॅक भरून झाली. वजन नको म्हणून साबणाची वडीसुद्धा अर्धी कापली. रतनगड ते हरिश्चंद्रगड, एकटीने! किती वर्षं नुसतं म्हणत होते. उद्या निघायचं, आणि बाबा आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत. नसेनात का.

संध्याकाळी मात्र स्वतःच नारळ घेऊन आले, देवापुढे ठेवला आणि देवाने माझ्या सोबत राहावं म्हणून गावच्यासारखं गाऱ्हाणं घालायला लागले. "बा देवा म्हाराजा, ह्यां माजां चेडू एकटां डोंगरात जाताहा. तेच्या वांगडा ऱ्हव रे म्हाराजा."

गावाला "व्हय म्हाराजा" म्हणायला अख्खी वाडी असते. इथे आईसुद्धा दळण आणायला गेलेली. बाबा थांबले. माझ्याकडे न बघता पुन्हा तेच म्हणाले आणि थांबूनच राहिले. म्हणजे मी म्हणायचं? माझ्यासाठीच्या गाऱ्हाण्याला मीच?

"व्हय म्हाराजा," म्हटलं.

मग नारळ फोडला. आता बघते तर सॅकमध्ये वरच अर्धा नारळ, करवंटीसकट! इथे मी साबण कापतेय, आणि हे...

राहू दे. साबणच काढून ठेवला.