तांदळात लपवलेलं

हर्षले,

आशीर्वाद मागितला नाहीस, तरी घे.

विळा लागून हात कापला, असं मी गावभर सांगितलं. खोटं हाय. तू साजगावच्या त्या पोरासंगं निघून गेलीस, तवा रागानं मीच खिडकीच्या काचेवर हात मारला. मनगटातली नस तुटली, बोटं बधिर झाली. खोपोलीच्या डॉक्टरनं ती जोडली आणि म्हणाला, "आजी, नस महिन्याला बोटाच्या एका पेराएवढीच वाढते. धीर धरा."

मी म्हटलं, "चार महिन्यांत भात कापणीला येतो रं. तुझी नस भारीच आळशी!"

आता सात महिने झाले. बोटांत मुंग्या चालायला लागल्यात. डॉक्टर म्हणतो, घरातल्या कुणाला तरी तांदळात वस्तू लपवू द्या, तुम्ही डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखा. घरात कोण हाय, ते मी त्याला सांगितलं नाय. मीच बटण लपवते आणि मीच काढते. बोटांना कळलं का मला आठवलं, ते कसं समजायचं गं?

एकदा ये. मला न सांगता काहीतरी लपवून जा. चहा नको घेऊस.

हे पत्र मी टपालात टाकणार नाय. तांदळाच्या डब्यातच खुपसते. कधी विसरले, तर बोटांना सापडेल.

तुझी आजी,
जयवंता